चोवीस आऱ्यांचा तास

लिंबाजी मास्तर वर्गात शिरले की आधी रबरं गोळा करत. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा त्यांच्या काखेत असे. बाकांच्या रांगांमधून ते तो आरतीच्या ताटासारखा फिरवत आणि मुलं त्यात आपापलं रबर टाकत. डब्याचं झाकण लागलं की तास सुरू. एखादा नवा मुलगा कुरकुरला तर म्हणत, "चुकली तर चुकू दे. चुकलेली रेघ ठिवायची. तिच्याकडं पाहून पाहूनच दुसरी बराबर येती." मुलाने त्याहून गडद, त्याहून सरळ अशी दुसरी रेघ मारेपर्यंत ते त्या मुलाच्या मागे उभे राहत. बोलत नसत, हलतही नसत.

त्याच शाळेत मी गणित शिकवत असे. सरकारी कागदांत शाळेचं नाव फौकानिया, जालन्यात सगळे तिला मोठी शाळा म्हणत. आमचे दोन वर्ग एकाच लांबट खोलीत भरत आणि मधे गोणपाटाचा पडदा असे. त्यामुळे नोकरीच्या पहिल्या दिवशी मी लिंबाजी मास्तरांना पाहण्याआधी ऐकलं. मी वर्गमूळ समजावत होतो आणि पलीकडून आवाज आला, "हा बैल हाय का बकरी? खांदा कुठं हाय याचा? जू कशावर ठिवशील?" माझा अख्खा वर्ग हसला. तास संपल्यावर पडदा सारून पन्नाशीकडे झुकलेला एक ठेंगणा, रुंद खांद्याचा माणूस आत आला. बंद गळ्याच्या काळ्या कोटावर खडूची धूळ, आणि बोटं इतकी जाड की त्यांत पेन्सिल कशी मावते असं वाटावं.

"माफ करा, शेट," ते म्हणाले. "आमचा तास म्हंजे बाजार असतो."

माझ्या वडिलांचा नवीन जालन्यात कापसाचा व्यापार होता. आमचं जैन घराणं मारवाडातून येऊन तीन पिढ्या झालेल्या. पेढीवर न बसता मी मास्तरकी धरली याचं घरी दुःख होतं आणि शाळेत नवल. मला शेट म्हणणारे लिंबाजी मास्तर एकटेच. त्यात टोमणा कधी नसे.

ते मूळचे परतूर तालुक्यातल्या आष्टीचे, जातीने सुतार. वडील बैलगाडीची चाकं करत. रेल्वेच्या कुणा ओव्हरसियरने या मुलाचा हात पाहिला आणि खटपट करून त्याला मुंबईला चित्रकला शिकायला धाडलं. तिथून सर्टिफिकेट घेऊन आलेला हा माणूस आमच्या शाळेत मात्र शेवटच्या खुर्चीवर बसत असे. चित्रकलेला परीक्षेत मार्क नव्हते. ज्या शिक्षकाला आपला अभ्यासक्रम पुरा करायचा असे तो खुशाल ड्रॉइंगचा तास मागून घेई.

एकदा शिक्षकांच्या खोलीत इंग्रजीच्या मास्तरांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "मास्तर, माझ्या खुर्चीचा पाय डुगडुगतो. तुमच्या घरचंच काम आहे, बघा जरा." लिंबाजी मास्तर उठले, खुर्ची उलटी केली, चारही पाय बोटाने मोजले आणि परत सुलटी ठेवली. मग जमिनीवर गुडघे टेकून फरशीवर डोळा लावला. "खुर्चीत खोट न्हाई," ते म्हणाले. "तुम्ही बसता ती जागाच वाकडी हाय." त्यांनी खुर्ची हातभर सरकवली. ती पुन्हा कधी डुगडुगली नाही, आणि त्यांना सुतारकाम सांगायची पुन्हा कुणाची छातीही झाली नाही.

बाजाराच्या दिवशी ते मुलांना घेऊन तांबटांच्या दुकानांपुढे बसत. बैलांच्या झुली, लुगड्यांचे काठ, हंड्यांवरचे ठोके, सगळं मुलांना मोजायला लावत. फूल दिसलं की काढ, असं त्यांच्याकडे चालत नसे. किती पाकळ्या, किती अंतरावर, कुठल्या पाकळीखाली कुठली दबलेली, हे आधी सांगावं लागे. "नक्षी म्हंजे मोजमाप," असं त्यांचं एक वाक्य होतं. "फकस्त पाहणाऱ्याला ते मोजमाप दिसू नये." इतर तासांना उर्दूतून शिकवावं लागे. ड्रॉइंगच्या तासाला मात्र मराठी चाले, कारण त्या तासात काय बोललं जातं याची कुणाला फिकीर नव्हती. त्या एका वर्षापर्यंत तरी नव्हती.

देश स्वतंत्र झाला त्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचं संस्थान त्या स्वातंत्र्यात नव्हतं. मनमाडकडून येणाऱ्या गाडीतून वर्तमानपत्रं लपवून येत आणि गुळाच्या पुड्यांच्या कागदांतून घरोघर फिरत. तिकडचा नवा झेंडा आम्ही असाच एका चुरगळलेल्या कागदावर पाहिला. मधल्या पट्ट्यावर चाक, चाकाला चोवीस आरे. इकडे हुकूम निघाला की तो झेंडा कुठेही दिसला तर काढणारा, शिवणारा आणि लावणारा तिघेही आत जातील. आम्हा सर्व शिक्षकांकडून, विद्यार्थ्यांना राजकारणापासून दूर ठेवू, अशा कागदावर सह्या घेतल्या गेल्या. मी सही केली. माझ्यानंतर लिंबाजी मास्तरांनी केली, नेहमीसारखी सुरेख, वळणदार. गावात संध्याकाळची दुकानं लवकर बंद होऊ लागली होती. वडील मला रोज सकाळी एवढंच सांगत, "कशात पडू नकोस."

एका सोमवारी मी दहावीच्या मुलांना पडद्यापलीकडे पाठवलं. मी त्या वर्गाचा वर्गशिक्षक होतो. वर्गात एकतीस मुलं, आणि त्या दिवशी सगळी हजर होती. माझ्या कपाटातले भूमितीचे कंपास लिंबाजी मास्तरांनी सकाळीच मागून नेले होते. मी आठवीच्या वह्या तपासत बसलो होतो. पलीकडून आवाज येऊ लागला.

"वर्तुळ काढा. आता कंपास तेवढाच ठिवा, हलवू नका. कडेवर खुणा करत चला. किती झाल्या?"

"सहा," मुलं म्हणाली.

"दोन खुणांच्या मधोमध एकेक खूण. आता किती?"

"बारा."

गाडीच्या चाकाला बारा आरे असतात. मी वही तपासत राहिलो.

"आता पुन्हा तसंच. प्रत्येकाच्या मधोमध."

यावेळी किती झाल्या हे त्यांनी विचारलं नाही, मुलांनीही सांगितलं नाही. वर्ग इतका शांत झाला की कंपासांची टोकं कागदावर रुततानाचा आवाज मला ऐकू येत होता. साठाचे तीस, तिसाचे पंधरा. पंधरा अंशांचे चोवीस भाग. कंपास माझे होते.

नेमका त्याच वेळी दरवाजात हेडमास्तर दिसले, आणि त्यांच्यामागे मोहतमीमसाहेब, म्हणजे आमच्या भागातल्या शाळांचे तपासनीस. न कळवता आले होते. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ, शेरोशायरीचे शौकीन, कुणावर आवाज चढवत नसत. मी उभा राहिलो. माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली आणि स्वतःच्या हाताने गोणपाटाचा पडदा बाजूला केला.

फळ्यावर हातभर व्यासाचं चाक होतं. एकतीस कागदांवर एकतीस चाकं.

मोहतमीमसाहेबांनी बोटाने हवेत आरे मोजले. अगदी सावकाश, शेवटपर्यंत. मग उर्दूत विचारलं, "हे काय शिकवता आहात?"

"डिझाइन, जनाब," लिंबाजी मास्तर म्हणाले.

"गाडीच्या चाकाला बारा आरे असतात."

"जी, बारा. आमच्या घरी बापानं जन्मभर बाराच बसवले."

साहेब माझ्याकडे वळले. "आप हिसाब पढ़ाते हैं. चोवीसच का?"

मला उत्तर येत होतं. पंधरा अंशांचा कोन आमच्या भूमितीत होता, पुस्तकाचं पान मला पाठ होतं. ते सांगितलं असतं तर पुरे होतं. मी म्हणालो, "मला कल्पना नाही, जनाब. तो विषय त्यांचा आहे."

लिंबाजी मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खडू उचलून त्यांनी फळ्यावरच्या दोन आऱ्यांच्या टोकांना एक गोलाई दिली. ती पाकळी झाली. तिच्या शेजारी दुसरी. "हे चाक न्हाई, साहेब. हे अर्धं काम हाय. यावर फूल यायचं हाय. आज मोजमाप झालं, बुधवारी नक्षी."

मोहतमीमसाहेब त्या दोन पाकळ्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. "मी गुरुवारपर्यंत जालन्यातच आहे," ते म्हणाले. "गुरुवारी फुलं पाहायला येईन."

ते गेल्यावर मी लिंबाजी मास्तरांना बाहेर लिंबाच्या झाडाखाली गाठलं. माझे कंपास मला न सांगता असल्या कामाला वापरल्याबद्दल मी त्यांना वाट्टेल ते बोललो. माझं घर, माझे वडील, सगळं काढलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"पोरं आधीच काढून राह्यले होते, शेट," ते म्हणाले. "मला त्यांचा एक कागद घावला. बावीस आरे. एकीकडं दाट, एकीकडं विरळ. ते पाहून मला जेवण गेलं न्हाई. वाकडं चाक गाडीला चालत न्हाई, तर झेंड्याला कसं चालंल?"

"आणि पकडले गेलात तर?"

"मंग सरळ चाकापायी पकडले जाऊ."

बुधवारचा तास मी पडद्याच्या फटीतून पाहिला. चाकं खोडता येण्यासारखी नव्हती. पेन्सिल दाबून काढलेली, आणि रबर वापरायची सवय तर मुलांना नव्हतीच. लिंबाजी मास्तरांनी सांगितलं, "एकबी रेघ वाया जाऊ द्यायची न्हाई. प्रत्येक आऱ्यातून काहीतरी उगवलं पाहिजे. अन् एकाचं दुसऱ्यासारखं दिसलं तर दोघांचे कागद फाडीन." मुलं खाली माना घालून कामाला लागली. कुणाच्या चाकातून शेवंती उमलली, कुणाच्या चाकाला ज्वारीची कणसं आली. एका कोष्ट्याच्या मुलाने त्याचा लुगड्याचा पदर केला. टांगेवाल्याच्या करीमने मशिदीच्या खिडकीतली जाळी काढली. ती सगळ्यांत अवघड होती आणि सगळ्यांत सुंदर झाली. हे सगळं कशासाठी चाललं आहे हे करीमला इतरांइतकंच ठाऊक होतं. त्याने ते बाहेर कुठे उच्चारलं नाही.

तास संपल्यावर लिंबाजी मास्तरांनी कागद मोजले. पुन्हा मोजले. मग पडदा सारून माझ्याकडे आले.

"तीस हायत," ते हळू म्हणाले. "रघूचा न्हाई."

रघुनाथ हा पिंपळगाव रेणुकाईच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. शिकायला जालन्यात खोली घेऊन राहिलेला, वर्गात सगळ्यांत उंच, गणितात कच्चा. सोमवारी हजर होता, बुधवारी आला नव्हता. त्याने आपलं चाक घरी नेलं होतं.

लिंबाजी मास्तर छत्री घेऊन तसेच त्याच्या खोलीवर गेले. खोलीला कुलूप होतं. संध्याकाळी पुन्हा गेले, तेव्हाही कुलूपच.

गुरुवारी सकाळी बंद पडलेल्या एका जिनिंग फॅक्टरीच्या चिमणीवर झेंडा दिसला. पेठेत उभं राहून लोक वर पाहत होते आणि कुणी शेजारी आला की नजर खाली घेत होते. शिपाई वर चढेपर्यंत चांगला तासभर तो तिथे फडकत होता. मीही पाहिला. खालून आरे मोजता येत नव्हते, पण चाक गोल होतं, हे कुणालाही दिसलं असतं.

मी शाळेत पोचलो तर रघू वर्गात येऊन बसलेला. मी हजेरी घेतली. "हजर" म्हणताना त्याने हात वर केला आणि मला त्याची बोटं दिसली. नखांच्या कडांपर्यंत निळी. मी पुढचं नाव घेतलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

लिंबाजी मास्तरांना सुचलं. पडद्यापलीकडे गेल्या गेल्या त्यांनी नीळ कालवलेल्या तीन वाट्या बाकांवर ठेवल्या. "आज फुलांना रंग. कुंचले कमी हायत, बोटानं भरा." पाव तासात वर्गातल्या बासष्ट हातांवर नीळ होती.

मोहतमीमसाहेब शब्दाप्रमाणे आले. या वेळी त्यांच्याबरोबर पोलिसांचे अमीन, म्हणजे फौजदार, होते आणि दोन जवान. हेडमास्तर मागे, चेहरा पांढराफटक. मलाही हजेरीपट घेऊन पलीकडे बोलावलं. अमीनसाहेबांनी टेबलावर तो झेंडा पसरला. मग खिशातून एक घडी केलेला कागद काढून त्याच्या शेजारी ठेवला. चिमणीच्या पायथ्याशी सापडला होता. कागदावर चाक होतं आणि त्याच्या प्रत्येक रेघेवर टाचणीने बारीक बारीक भोकं पाडलेली. भोकांतून नीळ घासायची आणि खाली कापडावर नक्षी उतरवायची, ही खाक्याची पद्धत. लिंबाजी मास्तरांनीच ती मुलांना शिकवली होती. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात मुलाने आपलं नाव लिहायचं, हा त्यांचा दंडक. या कागदाचा तो कोपरा कापलेला होता.

अमीनसाहेबांनी मुलांचे हात पाहिले. सगळे निळे. त्यांनी एकदा लिंबाजी मास्तरांकडे पाहिलं. फुलांचे कागद मागवले, स्वतः मोजले.

"तीस," ते म्हणाले. "सोमवारी वर्गात किती मुलं होती?"

प्रश्न मला होता. हजेरीपट माझ्या काखेत होता. त्यात सोमवारच्या रकान्यात एकतीस खुणा होत्या, माझ्या अक्षरात. कागद नसलेलं नाव शोधायला दोन मिनिटंही लागली नसती. मला वडील दिसत होते, पेढी दिसत होती, आणि तिसऱ्या बाकावर रघू दिसत होता. त्याचे दोन्ही हात बाकाच्या कडेवर होते. तो उठण्याच्या बेतात होता. मी तोंड उघडलं.

"तो कागद माझा हाय," लिंबाजी मास्तर म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. ते फळ्यापाशी उभे होते, कोटाच्या बाहीला हात पुसत.

"फळ्यावर काढायच्या आधी मी कागदावर काढून पाहतो. एकतिसावा कागद मास्तराचा. अन् झेंडाबी माझाच."

"कोपरा का कापला?"

"नाव होतं. भ्यालो."

आपण भ्यालो असं त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मी चरकलो. पण अमीनसाहेबांना ते पटलेलं दिसलं नाही. इतक्या वयाचा माणूस चिमणीवर कसा चढेल, असं काहीतरी ते हेडमास्तरांशी कुजबुजले. मग त्यांनी खडू लिंबाजी मास्तरांच्या हातात दिला. "बनाओ. कंपास के बग़ैर."

लिंबाजी मास्तरांनी फळा पुसला. खांद्यापासून हात सैल सोडला आणि एका दमात वर्तुळ काढलं. सुरुवात आणि शेवट कुठे मिळाला ते दिसेना. मग आरे. समोरासमोरचे दोन दोन काढत ते गेले, वडिलांनी आरे बसवताना बसवले असतील तसे. मधे बाक वाजला. रघू उभा राहिला होता.

लिंबाजी मास्तरांनी मान वळवली नाही. "खाली बस," ते म्हणाले. "तास चालू हाय."

त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे. रघू बसला.

चोविसावा आरा काढून झाल्यावर अमीनसाहेबांनी टेबलावरचा कागद उचलला, फळ्याशी धरला आणि घडी घालून खिशात ठेवला. पुढे मोजणी झाली नाही. हजेरीपट कुणी मागितला नाही. मोहतमीमसाहेब खिडकीतून बाहेर पाहत होते. जाताना करीमची जाळी हातात घेऊन ते इतकंच म्हणाले, "बहुत ख़ूब." आणि कागद परत ठेवून दिला.

दोन जवानांच्या मधून लिंबाजी मास्तर मैदान ओलांडून गेले. मुलं खिडक्यांशी उभी होती. मी जागेवरून हललो नाही.

त्यांना औरंगाबादेला नेलं. खटला झाला, दीड वर्षाची सजा झाली. रघू त्याच आठवड्यात शाळा सोडून संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे गेला. जाण्याआधी मला भेटायला आला आणि नुसता रडत राहिला. ड्रॉइंगचा तास हेडमास्तरांनी मला दिला. मला बैल काढता येत नव्हता; मी भूमितीच्या आकृत्या काढून घेत असे. मधे एकदा लिंबाजी मास्तरांच्या बायकोला, वहिनींना, घेऊन मी त्यांना भेटायला गेलो. गजांपलीकडे ते बारीक दिसले, खोकत होते. पहिला प्रश्न त्यांनी मला विचारला, "पोरायला बाजारात घेऊन जाता का न्हाई?" मी नाही म्हणालो. दिवस तसे नव्हते. "जात चला," ते म्हणाले. "बसून बसून डोळा मरतो."

सजा संपण्याआधीच, पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता, संस्थानात फौज आली आणि चार-पाच दिवसांत सगळं पालटलं. लिंबाजी मास्तर सुटून आले. शाळेत त्यांच्या गळ्यात हार घालायचं ठरलं. त्यांनी कोटाचं निमित्त सांगितलं, फाटलाय म्हणाले, आणि आले नाहीत. आठवडाभर त्यांनी तास घ्यायचा प्रयत्न केला. दोन वाक्यं बोलले की खोकल्याची उबळ येई आणि मुलं माना खाली घालून बसत. दिवाळीच्या सुमारास ते आष्टीला गेले ते परतले नाहीत.

थंडीत मी त्यांना भेटायला गेलो. परतूरपर्यंत रेल्वे, पुढे गाडी. ओसरीत खाटेवर ते उशीला टेकून बसले होते. अंगणात त्यांचा भाऊ वाकसाने लाकूड तासत होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं. रघू परत आला होता आणि परीक्षेला बसणार होता, ते मी सांगितलं. करीमचे घरचे घाबरून जालना सोडून कुठे गेले याचा पत्ता लागत नव्हता, तेही सांगितलं. "जाळी चांगली काढली होती त्यानं," ते म्हणाले. "त्याला शोधा, शेट. सरळ हाताचं पोरगं हाय."

मी ज्यासाठी आलो होतो ते अजून बोललो नव्हतो. उन्हं अंगणातून सरकू लागली तशी मला घाई झाली.

"मास्तर," मी म्हणालो, "त्या दिवशी अमीनसाहेबांनी मला विचारलं होतं. तुम्ही मधे बोलला नसतात तर मी रघूचं नाव सांगितलं असतं. वर्षभर मी स्वतःला सांगतोय की सांगितलं नसतं. पण सांगितलं असतं."

वाकसाचा आवाज थांबला होता की मलाच ऐकू येईनासा झाला, कळलं नाही. लिंबाजी मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. एखाद्या मुलाच्या कागदाकडे ते असेच पाहत.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "तुमचं तोंड उघडून राह्यलं होतं. म्हणून तर मी जल्दी केली."

मला मान वर करता येईना. ते खोकले, दम घेतला, आणि आत पाहून वहिनींना हाक मारली.

"भाकरी झाली का? शेटला वाढ आधी. त्यांच्यात दिवस मावळल्यावर जेवत न्हाईत." मग मला म्हणाले, "बसा. ऊन हाय अजून."

आमच्या घरातलं कुणी आजवर परक्याच्या घरी जेवलं नव्हतं. वहिनींनी खाटेशेजारी पाट मांडला, ज्वारीची भाकरी, वरण आणि तेलात परतलेली मिरची वाढली. मी हात धुतले आणि बसलो. लिंबाजी मास्तर उशीला टेकून मी जेवतो आहे ना, हे पाहत राहिले. दुसरी भाकरी त्यांनीच मला आग्रह करून घ्यायला लावली.

तीन आठवड्यांनी त्यांच्या भावाचं पत्र आलं.